जन्माआधी बाळ ‘दिसतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

सोनोग्राफीची चकचकीत पट्टी घरी येते. पंख्याच्या आकाराचा करडा तुकडा, त्यात एक काळा खळगा आणि त्या काळ्यात काहीतरी पांढुरकं. एक जण म्हणतो हे डोकं, दुसरा पट्टी उलटी धरून म्हणतो, छे, हे तर पाय. सोबतच्या रिपोर्टवर सीआरएल, बीपीडी, एफएल अशी अक्षरं आणि मिलिमीटरमधले आकडे. पुढच्या तपासणीपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत राहतो: बाळ ठीक आहे ना?

माझ्या बहिणीच्या पाचव्या महिन्यातल्या तपासणीला मी तिच्यासोबत आत होते. डॉक्टर दहाएक मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. स्क्रीनवर दोन फुल्या उमटायच्या, त्यांच्यामध्ये तुटक रेघ, क्लिक, की पुढची जागा. बहिणीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. त्या शांततेचा अर्थ आम्ही दोघींनी वाईटच लावला. नंतर कळलं, त्या मापं घेत होत्या. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ती दहा मिनिटं तिला इतकी जड गेली नसती. म्हणून हा लेख.

## आवाजाने काढलेलं चित्र

फोटोला उजेड लागतो. सोनोग्राफीत उजेडाचं काम आवाज करतो. भिंतीत खिळा ठोकण्याआधी आपण बोटाने टकटक करून आत कुठे पोकळ आहे याचा अंदाज घेतो, तसंच हे. फरक इतकाच, की ही टकटक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचा आवाज कळतो. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीत सेकंदाला २० ते ५० लाख कंपनं असतात. कानाच्या पलीकडचा, म्हणून याला ‘श्राव्यातीत ध्वनी’ म्हणतात.

पोटावर फिरवतात त्या प्रोबमध्ये विशिष्ट स्फटिकासारखे पदार्थ असतात. वीज दिली की ते थरथरतात आणि आवाज निघतो. परतलेला आवाज त्यांच्यावर आदळला की उलट वीज तयार होते. हा गुणधर्म पियरे आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. म्हणजे प्रोब तोंडही आहे आणि कानही. तो क्षणभर ओरडतो, मग बराच वेळ नुसता ऐकतो.

शरीरातल्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा साधारण ७,७००वा भाग लागतो. यंत्र दोनच गोष्टी मोजतं: प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोरात आला. वेळेवरून खोली कळते, जोरावरून ठिपक्याचा उजळपणा ठरतो. असे असंख्य ठिपके मिळून ते चित्र बनतं.

आता पट्टीकडे पुन्हा पाहा. काळा खळगा म्हणजे गर्भजल, कारण पाण्यातून आवाज सरळ निघून जातो, मागे काही येत नाही. हाडावरून तो जोरात परततो, म्हणून हाड पांढरं. हाडामागे पुरेसा आवाज पोचतच नाही, तिथे सावली पडते. आणि बाळाचा चेहरा कधी कधी कवटीसारखा, काळजात धस्स करणारा दिसतो त्याचं कारण साधं आहे: प्रोब एका वेळी शरीराचा एक पातळ काप दाखवतो, पुस्तकातलं एकच पान उघडावं तसा. तो काप डोळ्यांच्या खोबणीतून गेला की खोबणीच दिसणार. बाळ तसं दिसत नसतं.

जेल लावतात ते हवा घालवण्यासाठी. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत भरपूर पाणी पिऊन यायला सांगतात त्याचंही कारण जवळपास हेच. भरलेली लघवीची पिशवी हवा असलेली आतडी बाजूला सारते आणि आवाजाला पाण्याची खिडकी मिळते.

## याआधी काय करायचे?

क्ष-किरण वापरायचे. बाळ आडवं आहे का, जुळी आहेत का, आईच्या कटीची हाडं पुरेशी रुंद आहेत का, हे पाहायला गर्भवतीच्या पोटाचा एक्स-रे काढणं एकेकाळी सर्रास चालायचं. ब्रिटनमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारले आणि १९५६ मध्ये पहिले निष्कर्ष मांडले: पोटात असताना ज्या मुलांवर क्ष-किरण पडले होते, त्यांच्यात बालपणीच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट होता. हे पटायला वैद्यकीय जगाला बरीच वर्षं लागली.

त्याच सुमारास ग्लासगोत प्रसूतितज्ज्ञ इयान डोनल्ड वेगळ्याच वाटेवर होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, प्रतिध्वनीवरून वस्तू शोधण्याची तंत्रं त्यांच्या परिचयाची होती. कारखान्यांत धातूच्या आतली चीर शोधायला श्राव्यातीत ध्वनीची यंत्रं वापरायचे. १९५५ मध्ये डोनल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून अशा एका बॉयलर कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. घट्ट गाठ आणि पाण्याने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे तरुण अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्यासोबत त्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यात गर्भातल्या बाळाच्या डोक्याचे प्रतिध्वनीही होते. बॉयलर तपासायच्या यंत्रातून आजची सोनोग्राफी निघाली, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

## प्रत्येक तपासणीचा प्रश्न वेगळा

‘महिन्याभरापूर्वीच तर केली, आता पुन्हा कशाला?’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. उत्तर असं की प्रत्येक वेळी प्रश्न बदललेला असतो.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मुख्यतः विचारते: गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत का, एक आहे की जुळं, आणि वय किती. आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास ठोके दिसू लागतात. वयासाठी डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, तीच रिपोर्टवरची सीआरएल. या काळात सगळी बाळं जवळपास एकाच गतीने वाढतात, म्हणून काही मिलिमीटरच्या मापावरून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं.

पुढे तसं राहत नाही. कुणाचं बाळ आडव्या बांध्याचं, कुणाचं चणीने लहान. आठव्या महिन्यात मापांवरून वय काढलं तर तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. म्हणूनच नंतरच्या रिपोर्टवर प्रसूतीची वेगळी तारीख दिसली म्हणून घाबरायचं कारण नसतं. यंत्र दर वेळी ताज्या मापांवरून नवी तारीख छापतं. पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीखच धरून चालायची असते. पहिली पट्टी जपून ठेवा. शेवटच्या महिन्यात बाळ लहान आहे की आधीची तारीखच चुकली होती, हे ठरवायला तिचाच आधार लागतो.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन. बाळाच्या मानेमागे कातडीखाली थोडं पाणी साठतं, त्याची जाडी मोजतात. ती जास्त असेल तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची आणि हृदयाच्या काही विकारांची शक्यता वाढते. हे माप आईचं वय आणि रक्ततपासणी यांच्याशी जोडून ‘२०० पैकी १’ असा धोका काढतात. हा आकडा घाबरवतो. त्याचा अर्थ असा, की असाच निकाल आलेल्या २०० पैकी १९९ बाळांना तो दोष नसेल. ही चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्यांची पुढे खात्रीची तपासणी करायची असते, वारेचा (प्लासेंटाचा) नमुना किंवा गर्भजल काढून. चाळणीलाच निकाल समजू नये.

मग अठरा ते बावीस आठवड्यांतला अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या रचनेत काही व्यंग आहे का याची तपासणी. माझी बहीण ज्यात हात धरून बसली होती तो हाच. डोक्यापासून टाचेपर्यंत एकेक अवयव पाहायचा: मेंदूतल्या पोकळ्या, वरचा ओठ, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या, पोट, मूत्रपिंडं, मणक्यांची माळ, हातापायांची हाडं, वार कुठे आहे. बाळ पाठ करून झोपलेलं असेल तर आईला फिरून यायला सांगतात. तसं सांगितलं म्हणून काही गडबड आहे असं समजू नका, फक्त हवा तो काप मिळालेला नाही. ‘वार खाली आहे’ असं या वेळी बऱ्याच जणींना सांगितलं जातं. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार पुढे वर सरकलेली दिसते.

शेवटच्या तिमाहीत वाढ आणि पाणी पाहतात. छापलेलं वजन हे डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांवरून सूत्राने काढलेलं असतं. त्यात दहा-पंधरा टक्के इकडचं तिकडे होतं. तीन किलो लिहिलेलं बाळ २,६०० ग्रॅमचं निघालं तर कोणी चूक केली असं नाही.

## रक्ताचा वेग कसा कळतो?

फलाटावर उभं असताना शिटी वाजवत येणारी गाडी आपल्याला ओलांडून गेली की शिटीचा सूर एकदम उतरतो. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या आवाजातला हा फरक ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालतो. धावत्या रक्तपेशींवरून परतलेल्या आवाजाचा सूरही असाच बदलतो, आणि त्यावरून रक्ताचा वेग आणि दिशा कळते.

नाळेतल्या धमनीतून बाळाचं रक्त वारेकडे जातं. निरोगी वार मऊ, मोकळी असते. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकत राहतं. वारेतल्या वाहिन्या बिघडल्या की पाइपवर पाय ठेवल्यासारखं होतं. मधल्या वेळी प्रवाह आटतो, थांबतो, फारच बिघडलं तर उलटा येतो. वाढ खुंटलेल्या बाळाला अजून आत ठेवायचं की लवकर बाहेर काढायचं, हा अवघड निर्णय घेताना डॉक्टर या आलेखाकडे पाहतात.

## थ्रीडी, फोरडी चित्र जास्त खरं असतं का?

जास्त ओळखीचं असतं. एकामागे एक असे अनेक काप जोडून यंत्र पृष्ठभाग उभा करतं, तो थ्रीडी. तो हलता दाखवला की फोरडी. कातडीचा तो सोनेरी-तपकिरी रंग यंत्राने दिलेला असतो; प्रतिध्वनीला रंग नसतो. चेहऱ्यासमोर पुरेसं पाणी नसेल तर नाक वारेला चिकटल्यासारखं किंवा गाल वितळल्यासारखा दिसतो, आणि ते पाहून उगाच काळीज हलतं. दुभंगलेला ओठ समजून घ्यायला या चित्रांचा खरंच उपयोग होतो. पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांची मूळ तपासणी आजही त्या करड्या कापांवरच चालते. रिपोर्टमधली करडी पट्टी म्हणजे जुनं, स्वस्तातलं तंत्र, असा समज असेल तर तो काढून टाका.

## एमआरआय कधी?

सोनोग्राफीत शंका आली आणि आणखी स्पष्ट पाहायचं असेल तेव्हा. बहुतेक वेळा प्रश्न मेंदूचा असतो. दिवस भरत येतात तशी बाळाची कवटी टणक होत जाते, आवाज अडतो. एमआरआयला हाडाची अडचण नाही. त्यात मोठं चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळवतात. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट.

खरी अडचण वेगळीच होती. एमआरआयमध्ये निश्चल पडून राहावं लागतं, आणि पोटातल्या बाळाला ‘हलू नकोस’ कोण सांगणार? १९८० च्या दशकात पहिले प्रयत्न झाले तेव्हा चित्रं फिसकटायची. नव्वदच्या दशकात एक काप सेकंदाभरात टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि वाट मोकळी झाली. आता बाळ दोन कापांच्या मध्ये हललं तरी संगणक ते काप पुन्हा जुळवून मेंदूचं सलग चित्र उभं करू शकतो. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला जवळपास गुळगुळीत असलेला मेंदू आठवड्यागणिक घड्या कसा घालत जातो, ते त्यात दिसतं.

याचा फायदा किती? ब्रिटनमधल्या मेरिडियन अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सोनोग्राफीत मेंदूच्या दोषाची शंका आलेल्या गर्भांमध्ये सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के वेळा बरोबर होतं, एमआरआयचं ९३ टक्के. पण यात सगळ्या गर्भवती नव्हत्या, आधीच शंका आलेल्या होत्या. सरसकट सगळ्यांचा एमआरआय करावा, असा याचा अर्थ होत नाही. हा तपास सहसा अठरा-वीस आठवड्यांनंतर करतात, आणि चित्र उठावदार करणाऱ्या गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचतं.

## या सगळ्याने बाळाला त्रास होत नाही?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. ‘किरणोत्सर्ग होतो’ ही भीती इथे लागू नाही. पण आवाजातही ऊर्जा असते. ती पेशींना किंचित तापवू शकते, हादरे देऊ शकते. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन छोटे आकडे असतात, एक तापण्याच्या शक्यतेचा, दुसरा हादऱ्यांचा. डॉक्टरांनी ते कमीत कमी ठेवून, गरजेपुरताच वेळ तपासायचं असतं. डॉपलरची ऊर्जा एकाच जागी केंद्रित होते, म्हणून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत विनाकारण डॉपलर लावत नाहीत. इतक्या वर्षांच्या वापरात वैद्यकीय कारणासाठी केलेल्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी नुसत्या आठवणीच्या व्हिडिओसाठी सोनोग्राफी करू नये, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट सांगितलं आहे. मला तो सल्ला पटतो.

## ‘रिपोर्ट नॉर्मल होता, मग हे कसं?’

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांच्या डोळ्यांत पाहणं कठीण असतं, म्हणून तो आधीच समजून घ्यायला हवा. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे: आज, या यंत्रावर, बाळाच्या या स्थितीत जे पाहिलं त्यात दोष आढळला नाही.

हृदयाचंच घ्या. जन्माआधी फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं एक भोक आणि दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक नळी निसर्गतःच उघडी असते. ती जन्मानंतर मिटायची असतात. पुढे मिटणार नाहीत हे आधी कसं दिसणार? खालच्या कप्प्यांमधलं बारीक छिद्रही निसटतं, कारण गर्भात दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असतो, छिद्रातून रक्त फारसं वाहतच नाही. ओठ अखंड असून फक्त टाळू दुभंगलेली असेल तर ती सहज नजरेतून सुटते. काही दोष वीस आठवड्यांना नसतातच, नंतर तयार होतात. आणि ऐकू येणं, शिकणं, स्वमग्नता या गोष्टींना तर आकारच नसतो. सोनोग्राफी आकार दाखवते.

अमेरिकेत १५ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. नियमित सोनोग्राफी केलेल्या गटातही दोष असलेल्या बाळांपैकी फक्त १७ टक्के बाळं २४ आठवड्यांआधी ओळखता आली होती. तेव्हापासून यंत्रं आणि शिक्षण दोन्ही पुष्कळ सुधारलं आहे, तरी तपासणाऱ्याचं कौशल्य, आईच्या पोटावरची चरबी आणि बाळाची स्थिती यांवर आजही बरंच अवलंबून आहे.

उलट बाजूही आहे. हृदयातला एखादा पांढरा ठिपका किंवा मेंदूतली पाण्याची बारीक पुटकुळी रिपोर्टवर लिहिली जाते. बाकी सगळं ठीक असेल तर असे एकटेदुकटे ठिपके बहुतेक निरुपद्रवी असतात, पुटकुळ्या सहसा आपोआप विरून जातात. ते शब्द रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधू नका. सकाळी डॉक्टरांना विचारा: हे एकटंच आहे की सोबत आणखी काही दिसलं? बहुतेक वेळा सगळं या एका उत्तरावर ठरतं.

## दिसलं, पण करता काय येतं?

पुष्कळदा जन्माची तयारी. हृदयाचा गंभीर दोष आधी कळला तर बाळंतपण अशा ठिकाणी ठरवता येतं, जिथे पहिल्या तासापासून उपचार मिळतील.

कधी पोटातच उपचार होतात. मणक्यांची माळ पाठीकडे उघडी राहिली की मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. तेव्हा सोनोग्राफीत कवटी समोरून लिंबासारखी टोकदार आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो. १९८६ पासून डॉक्टर याला लिंबू-खूण आणि केळं-खूणच म्हणतात. पाठीची ती जागा जन्माआधीच शिवली तर काय होतं, हे तपासणाऱ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. डोक्यातलं पाणी काढायला नळी टाकावी लागलेल्या बाळांचं प्रमाण ८२ वरून ४० टक्क्यांवर आलं. वेळेआधी प्रसूतीचा आणि आईच्या गर्भाशयाला इजा होण्याचा धोका मात्र वाढला. तो सौदा प्रत्येक कुटुंबाला नीट समजून करावा लागतो.

आणि रक्ताची गोष्ट. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह असला की कधी आईच्या शरीरातली द्रव्यं बाळाच्या रक्तपेशी फोडू लागतात. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये डॉ. विल्यम लिली यांनी अशा बाळाला गर्भातच रक्त दिलं. तेव्हा सोनोग्राफी हाताशी नव्हती. गर्भजलात सोडलेलं, एक्स-रेत दिसणारं औषध बाळाने गिळायचं, ते त्याच्या आतड्यात उमटायचं आणि त्या खुणेवर नेम धरून बाळाच्या पोटात सुई घालायची.

आज आधी बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवर डॉपलर धरतात. पेशी कमी झालेलं पातळ रक्त वेगाने पळतं, त्यामुळे सुई न टोचताच रक्तक्षय कळतो. मग स्क्रीनवर सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं गर्भाशयात शिरताना दिसतं, काळ्या पाण्यातून नाळेच्या शिरेपर्यंत पोचतं, आणि रक्त आत जाताना शिरेत पांढऱ्या कणांची झुळूक उठते. थोड्या वेळाने पुन्हा डॉपलर लावतात. धमनीतला वेग उतरलेला असतो.